गालिच्याखालची करकर

जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्याची माडी सागवानी फळ्यांची. थंडीत हवा कोरडी पडली की फळ्या आकसतात, खिळे सैलावतात. मग गालिच्यावरून चाललं तरी करकर, आणि खालच्या खोलीत आईची झोप मोडायची.

गालिचा गुंडाळला. बायको सावकाश चालत राहिली, मी जमिनीला कान लावून बसलो. एक फळी पाय पडताच खिळ्यावर खाली-वर होत होती. खिळ्यांची ओळ दिसते तिथेच खाली तुळई, म्हणजे फळ्या पेलणारं आडवं लाकूड, असते. तिथे फळी स्क्रूने तुळईला आवळायची; पण स्क्रूपेक्षा बारीक भोक आधी पाडावंच, नाहीतर जुनं लाकूड चिरतं. स्क्रूचं डोकं फळीत पुरतं बुडवलं, म्हणजे गालिचा फाटत नाही. फळ्या एकमेकींवर घासून करकरू नयेत म्हणून फटींत टाल्कम पावडर भरली. तेल मात्र घालू नका, गालिच्यावर डाग उमटतात.