विहिरीच्या पाण्यातलं बारीक प्लास्टिक काढायचंय? मग उकळा आणि हात बांधून बसा

कोणी सांगते तुरटी फिरवा, कोणी म्हणते नळाला फडकं बांधा, यूट्यूबवाल्यांचं तर विचारूच नका. मी नागपूरच्या कचरा डेपोजवळ, भांडेवाडीकडे राहतो, सात वर्षं झाली विहिरीचं पाणी गाळून राहिलो, म्हणून थोडं स्पष्टच लिहितो.

पाणी आधी लॅबमधून तपासून आणा. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर निघालं किंवा शिसं-बिसं सापडलं तर ते पाणी धुण्यापुरतंच ठेवा, कारण कचऱ्यातून झिरपून विरघळलेलं असं काही उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की नायट्रेट अजून घट्ट होते. घरी चालू आरओ असेल तर बाकीचं वाचायची गरज नाही, त्याचं मेंब्रेन (आतला बारीक पडदा) प्लास्टिक अडवते. नुसती पांढरी स्पनची कांडी (फिल्टरमधली धाग्याची गाळणी) असेल तर तिच्यावर विसंबू नका, ती स्वतःच पॉलिप्रोपिलीनची असते.

रिपोर्ट ठीक असेल तर चारपदरी सुती कपड्यातून गाळा. जुनी साडी नको भाऊ, पॉलिस्टर म्हणजे प्लास्टिकच.

आता उकळणं. आपल्याकडच्या विहिरींचं पाणी जड, त्याच्या क्षाराला आपण रोज शिव्या घालतो, पण इथं तोच कामाला येते. पाणी तापलं की चुना वेगळा होऊन प्लास्टिकच्या कणांना गुरफटतो आणि तळाशी बसतो. ग्वांगझूच्या संशोधकांनी २०२४ मध्ये हे करून दाखवलं, लिटरला ३०० मिलिग्रॅम चुना असलेल्या पाण्यातून ९० टक्क्यांपर्यंत कण गेले, मऊ पाण्यातून जेमतेम २५. म्हणजे तुमच्या गंजाला, म्हणजे पाणी तापवायच्या पातेल्याला, पांढरा थर धरतच नसेल तर उगाच गॅस जाळू नका.

पाच मिनिटं खळखळ उकळू द्या, गॅस बंद करा, आणि मग हात लावू नका! मी इथंच वर्षभर माती खाल्ली. थंड व्हायची घाई म्हणून पळीनं ढवळायचो, मग गंज तिरपा करून भसकन गुंडात (पाण्याच्या घागरीत) ओतायचो, बसलेला सगळा गाळ परत पाण्यात. शेवटी आई म्हणाली, "विरजण लावलेलं भांडं हलवते का रे कोणी?" तेव्हापासून रात्री उकळतो आणि सकाळी काढतो. सकाळी वर दुधाच्या सायीसारखा पातळ पापुद्रा दिसेल, तोही चुनाच आहे, तो आधी अलगद उचलून टाका. मग ओगराळ्यानं वरवरचं पाणी घ्या, तळाचं चार बोटं सोडून द्या, जीव कितीही कळवळला तरी. तिथंच सगळा माल असते.

परत एकदा सुती कपड्यातून गाळून स्टीलच्या नाहीतर तांब्याच्या गुंडात भरा, प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरणार असाल तर एवढा खटाटोप कशाला?

गंजाचा थर आठवड्यातून एकदा लिंबानं काढायचा. आणि ते तळाचं पाणी परत विहिरीत ओतायचं नाही, आमच्या शेजारच्या काकांनी महिनाभर तेच केलं.