एसएमपीएसचे व्होल्टेज लोडवर मोजा

एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, आणि लोडवर म्हणजे कॉम्प्युटर जोरात काम करत असताना. आधी एक गोष्ट. बडोद्यात २०१९ आणि २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरांत शिरलं. अशा पाण्यात भिजलेला एसएमपीएस तपासत बसू नका. बाहेरून वाळला तरी आतल्या सर्किटवरचा गाळ ओल धरून ठेवतो आणि २३० व्होल्ट नको तिथून वाहतात. तो बदलायचाच. शिवाय, चांगल्या एसएमपीएसचंही झाकण उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर चार्ज असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. सगळं मोजमाप बाहेरच्या वायरींवर होतं.

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. काळी वायर कॉममध्ये, लाल वायर व्होल्टच्या भोकात. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहिली तर प्रोब टेकवताच शॉर्ट होतो. सर्वात जास्त होणारी चूक हीच. मीटरची बॅटरी उतरली असेल तर आकडे जास्त दिसतात, म्हणून ती आधी बदला.

सुरुवात भिंतीवरच्या सॉकेटपासून करा. मीटर एसीच्या सर्वात मोठ्या रेंजवर ठेवा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. दांडिया बाजारसारख्या जुन्या वस्तीतल्या घरात तर हे मोजाच. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर शंभरेक व्होल्ट येतात आणि हाताला झिणझिण्या जाणवतात. तो दोष एसएमपीएसचा नाही, वायरिंगचा आहे. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता मीटर डीसी २० व्होल्टवर आणा. एसएमपीएसचा २४ पिनचा कनेक्टर मदरबोर्डला लागलेलाच असू द्या. काळा प्रोब कॅबिनेटच्या रंग नसलेल्या स्क्रूवर टेकवा आणि लाल प्रोब कनेक्टरच्या मागून, वायरीच्या कडेने आत सरकवा. प्रोबचं टोक शेजारच्या पिनला लागू देऊ नका.

कॉम्प्युटर बंद, पण प्लग चालू असताना जांभळी वायर बघा: ४.७५ ते ५.२५. लोक हिच्याकडे दुर्लक्ष करतात, पण ही चोवीस तास चालू असते, त्यामुळे हिचे कपॅसिटर आधी थकतात. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात सुरू होणाऱ्या मशीनमध्ये पहिला संशय हिच्यावर घ्या.

मग मशीन सुरू करा. पिवळी ११.४० ते १२.६०, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४६, म्हणजे पाच टक्के इकडेतिकडे. निळी उणे १०.८ ते उणे १३.२ चालते, तिथे सूट दहा टक्के. करडी वायर, म्हणजे व्होल्टेज ठीक असल्याचा बोर्डला जाणारा सिग्नल, मशीन सुरू झाल्यावर अर्ध्या सेकंदात पाचच्या जवळ गेली पाहिजे. गेली नाही तर बोर्ड उठणारच नाही. नव्या एसएमपीएसच्या सगळ्या वायरी काळ्या असतील तर मॅन्युअलमधल्या पिनच्या चित्रावरून जा, अंदाजाने नको.

हिरवी आणि काळी वायर यू-पिनने जोडून पंखा फिरवून बघतात, त्यातून एसएमपीएस जिवंत आहे एवढंच कळतं. लोड नसताना जुन्या एसएमपीएसचे आकडे फसवे येतात. खरा निकाल लोडवर लागतो. ओसीसीटी किंवा प्राइम९५ हा कॉम्प्युटरवर पूर्ण ताण देणारा प्रोग्राम पंधरा मिनिटं चालवा, ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याच्यावरही लोड द्या, आणि पिवळीवर नजर ठेवा. १२.०५ वरून ११.८५ वर आली तर काही बिघडलं नाही. ११.५ पर्यंत घसरत असेल तर अजून मर्यादेत आहे, तरी नवा एसएमपीएस घ्यायची तयारी करा. ११.४० च्या खाली गेली किंवा कुठलीही वायर वरच्या मर्यादेपलीकडे गेली, की लगेच बंद करा. कमी व्होल्टेजने मशीन अडकतं, जास्त व्होल्टेजने डिस्क आणि बोर्ड जळतात.

व्होल्टेज पडताना कनेक्टर तपकिरी किंवा गरम लागला तर दोष पिनच्या सैल पकडीत असू शकतो. बायोसमधले आकडे बोर्डाच्या सेन्सरचे असतात. मीटरशी पटले नाहीत तर मीटर खरा माना.

आकडे ठीक, तरी मशीन अचानक रीस्टार्ट होतंय? मग रिपल राहते, म्हणजे डीसी व्होल्टेजमधली बारीक, वेगवान चढउतार. पिवळीवर १२० मिलिव्होल्ट आणि लाल-नारिंगीवर ५० ही तिची मर्यादा, पण ती मल्टिमीटरला दिसत नाही, ऑसिलोस्कोप लागतो. तो हाताशी नसेल तर खात्रीचा दुसरा एसएमपीएस लावून दोन दिवस चालवा.