उन्हाळ्यातील सामूहिक डोंगरभटकंतीची आखणी

डोंगराळ भागातील पदभ्रमणाची आखणी बहुतेक मंडळे अंतरापासून सुरू करतात. माझ्या मते ती त्या दिवशी सर्वांत मागे चालणाऱ्या माणसापासून सुरू करावी, कारण वेळ, पाणी आणि अर्ध्यावरून परतण्याचा निर्णय अखेर त्याच्याच चालीवर ठरतो.

वेळेचा अंदाज बांधायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडलेला नियम आजही उपयोगी पडतो. ढोबळमानाने दर 5 किलोमीटरला एक तास धरावा आणि दर 600 मीटर चढाईसाठी त्यात आणखी एक तास मिळवावा. 12 किलोमीटरच्या वाटेवर 600 मीटर चढ असेल, तर उत्तर येते सुमारे 3 तास 24 मिनिटे. हा हिशेब न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. वीस जणांच्या गटासाठी, तेही उन्हात, मी पाच तासांहून कमी धरत नाही. चढाई मोजताना नुसती माथ्याची उंची पाहू नये. मध्ये एखाद्या खिंडीत उतरून पुन्हा चढावे लागत असेल, तर तो चढ नकाशावरील समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, मोजल्याशिवाय हिशेबात येत नाही.

ठरलेली वाट आधी कोणीतरी चालून पाहिलेली असावी, आणि शक्यतो त्याच ऋतूत, कारण पावसाळ्यानंतर खळाळणारा झरा उन्हाळ्यात कोरडा असू शकतो. या फेरीत सावलीच्या जागा आणि मधूनच खाली उतरता येईल अशा वाटा टिपून ठेवाव्यात. मोठा चढ सकाळी दहाच्या आत संपेल अशा बेताने निघावे.

आघाडीला आणि पिछाडीला एकेक अनुभवी माणूस असावा, दोघांकडे शिट्टी असावी, आणि पिछाडीच्या माणसाला कोणीही मागे टाकू नये. जिथे वाट फुटते तिथे आघाडीने थांबून सर्वांची मोजणी करावी. धुक्यापेक्षा अशा फाट्यांवरच माणसे अधिक चुकतात, असे मला वाटते.

विश्रांतीच्या बाबतीत मात्र जाणती मंडळेही चुकतात. पुढे पोहोचलेली माणसे दहा मिनिटे सावलीत बसलेली असतात. शेवटचा माणूस गुडघ्यांवर हात टेकून येतो, बाटलीचे झाकण उघडतो न उघडतो तोच पुढचे उठून पाठपिशव्या खांद्यावर घेतात, आणि ज्याला विसाव्याची सर्वाधिक गरज होती त्यालाच तो मिळत नाही. दिवसभर हे असेच चालले, तर दुपारपर्यंत त्याचे पाय उचलेनासे होतात आणि दोष मात्र त्याच्या कमकुवतपणावर येतो. म्हणून विश्रांतीची वेळ शेवटचा माणूस खाली बसल्यापासून मोजावी.

उन्हातल्या चढावर माणशी ताशी अर्धा ते एक लिटर पाणी लागू शकते. ते घोटाघोटाने प्यावे आणि सोबत काहीतरी खारट खावे, कारण भरपूर घाम गेल्यावर नुसते पाणीच अति प्यायल्याने रक्तातील सोडियम धोकादायकरीत्या घटू शकते. एखाद्याला चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी जाणवली, तर सावलीत आडवे करून पाय उंच ठेवावेत, कपडे सैल करावेत आणि थोडे थोडे पाणी द्यावे. तो असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला, तर उष्माघात समजून अंगावर पाणी ओतत वारा घालावा, त्याच वेळी वैद्यकीय मदत मागवावी, आणि शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये.

वीज चमकल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर माथा आणि डोंगरधार लगेच सोडावी व एकट्या झाडाखाली थांबू नये. मदतीसाठी एका मिनिटात सहा शिट्ट्या वाजवाव्यात, एक मिनिट थांबावे आणि पुन्हा वाजवाव्यात. उत्तरादाखल मिनिटाला तीन शिट्ट्या येतात.

उतारावर गुडघे थकलेले आणि लक्ष घराकडे लागलेले असते, म्हणून पिछाडीच्या माणसाने तिथे अधिक सावध राहावे. पायथ्याशी पोहोचल्यावर यादीतील प्रत्येक नावापुढे खूण होईपर्यंत कोणालाही परतू देऊ नये.