कोच बदलला की लगेच डिव्हिजनचं टेबल मांडता? या चुका टाळा

दर डिसेंबरला आमच्या ग्रुपवर तेच सुरू होतं. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये कुठल्यातरी युनिव्हर्सिटीने कोच काढला, दुसरा आणला, आणि अर्ध्या तासात कोणीतरी पुढच्या वर्षीचं अख्खं टेबल टाकून मोकळा. मी २००६ पासून हंट्सव्हिलला आहे, अलाबामामध्ये, म्हणजे ज्या गावात ऑफिसचं अर्धं फ्लोअर अलाबामा युनिव्हर्सिटीचं आणि अर्धं तिच्या कट्टर प्रतिस्पर्धी ऑबर्नचं असतं तिथे, आणि कॉलेज फुटबॉल मला मनापासून आवडतं. म्हणूनच आपली मराठी पोरं मास्टर्सला आल्या आल्या या खेळात शिरतात तेव्हा फार बरं वाटतं, पण त्याच त्या चुका बघून आता खरंच थकलोय.

आधी एक गोष्ट. एसईसी आणि बिग टेन या दोन्ही मोठ्या कॉन्फरन्सनी (युनिव्हर्सिटी टीम्सच्या लीगनी) २०२४ पासून डिव्हिजन, म्हणजे ईस्ट-वेस्ट असे गट, बंद केल्यात. अजून "एसईसी वेस्ट कोण जिंकणार" विचारणारे भेटतात. ईस्ट-वेस्ट बघायचंय तर सन बेल्ट कॉन्फरन्स बघा, तिथे आहे अजून. पण शिकायला जुनी एसईसी वेस्टच सगळ्यात चांगली, कारण तिथे कोच सारखे बदलत होते आणि निकाल आपल्यासमोर आहेत.

हेड कोचचं रेकॉर्ड बघून निकाल लावणं

ही चूक मी स्वतः केलीय आणि चांगली दोन वर्षं महागात पडलीय, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

२००८ च्या डिसेंबरमध्ये ऑबर्नने टॉमी टबरव्हिलच्या जागी जीन चिझिकला आणलं. टबरव्हिलने २००२ ते २००७ सलग सहा वेळा अलाबामाला हरवलं होतं, शेवटचं एकच वर्ष ५-७ (५ विजय, ७ पराभव) गेलं आणि अलाबामाकडून ३६-० मार खाल्ला. आणि चिझिकचं आयोवा स्टेटमधलं रेकॉर्ड ५-१९, त्यातल्या शेवटच्या दहा मॅच सलग हरलेला. ऑबर्नचे लोक एवढे चिडले होते की अॅथलेटिक डायरेक्टर विमानतळावर उतरला तर तिथेच त्याला ओरडून सुनावलं गेलं. मी पण तेच केलं जे सगळे करत होते. ५-१९ हा आकडा बघितला आणि आमच्या शीटमध्ये ऑबर्नला वेस्टमध्ये सहावं, म्हणजे शेवटचं टाकलं. २००९ ला ते ८-५ झाले. तरी मी शिकलो नाही, २०१० ला पाचवं टाकलं.

आमच्या समोरच्या घरात एक आजोबा राहायचे, ऑबर्नमध्येच शिकलेले. त्यांनी माझं ते प्रेडिक्शन कागदावर लिहून घेतलं आणि फ्रिजवर लावून ठेवलं. २६ नोव्हेंबर २०१०, थँक्सगिव्हिंगचा दुसरा दिवस, शुक्रवार, मी चिवड्याचा डबा घेऊन त्यांच्याकडे मॅच बघायला गेलो. अलाबामा बघता बघता २१-० पुढे. मी आपला गप्प बसलो होतो, म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवायचं. तेवढ्यात अलाबामाच्या मार्क इन्ग्रमच्या हातून बॉल सुटला आणि साइडलाइनच्या कडेकडेने, बाहेर न जाता, सरळ घरंगळत मैदानाच्या टोकाला एंड झोनमध्ये गेला, टचबॅक, म्हणजे बॉल ऑबर्नला. आजोबा खुर्चीतून उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले. हाफटाइमला २४-७. तेव्हा ते मला म्हणाले, "बाळा, तू दोन वर्षं हेड कोचचं नाव बघतोयस. मी प्ले कोण कॉल करतोय, म्हणजे प्रत्येक चाल कोण ठरवतोय, ते बघतो." सेकंड हाफ सुरू झाल्या झाल्या ऑबर्नचा क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) कॅम न्यूटनचा ७० यार्डांचा टचडाउन, आणि शेवटी ऑबर्न २८-२७. पुढे जानेवारीत ओरेगॉनला २२-१९ हरवून १४-० ने नॅशनल चॅम्पियन.

प्ले कॉल करत होता गस मालझान, ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (हल्ल्याची बाजू सांभाळणारा असिस्टंट कोच; बचावाची बाजू डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर बघतो), टल्सावरून चिझिकने आणलेला. मी त्याचं नाव वाचलंच नव्हतं. चिझिक स्वतः २००४ च्या १३-० वाल्या ऑबर्न टीमचा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होता हे पण मी बघितलं नव्हतं, आणि एका ज्युनिअर कॉलेजमधून न्यूटन येतोय हे ऐकून सोडून दिलं होतं.

आता पुढचं बघा, कारण खरी गंमत पुढे आहे. २०११ च्या सीझननंतर मालझान आर्कान्सा स्टेटला हेड कोच म्हणून गेला, डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर पण गेला. हेड कोच तोच, चिझिकच. २०१२ ला ऑबर्न ३-९, कॉन्फरन्समध्ये ०-८, आणि शेवटी अलाबामाकडून ४९-०. चिझिकला काढलं, मालझानलाच हेड कोच म्हणून परत बोलावलं, आणि २०१३ ला तेच ऑबर्न १२-२, वेस्टही जिंकलं आणि एसईसीही. म्हणजे २०१२ ला हेडलाइनमध्ये काहीच बदल नव्हता आणि टीम तळाला गेली. एलएसयूचं (लुइझियाना स्टेटचं) २०१९ पण तसंच, १५-०, आणि मग क्वार्टरबॅक जो बरो गेला, पासिंगचा कोच जो ब्रेडी गेला, डिफेन्सचा डेव्ह अरांडा गेला, हेड कोच एड ऑर्जरॉन तिथेच, पुढच्या वर्षी ५-५.

त्यामुळे माझी सवय आता अशी आहे की वहीत दोन कॉलम करतो, कोण आलं आणि कोण गेलं, आणि हेड कोचचं नाव सगळ्यात शेवटी लिहितो. आधी दोन्ही कोऑर्डिनेटर, मग ऑफेन्सिव्ह लाइनचा (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पुढच्या फळीचा) कोच, मग क्वार्टरबॅक. नवीन मुलांना हे कंटाळवाणं वाटतं, त्यांना दहा मिनिटांचा व्हिडिओ बघून टेबल हवं असतं. ठीक आहे, पण मग दरवर्षी चुकतं म्हणून तक्रार करू नका.

कोच एकटाच जातो असं समजणं

आपल्याकडे क्रिकेट बघून मोठं झालेल्यांची ही हमखास चूक. तिथे कोच बदलला तरी टीम तीच राहते आणि मैदानात कॅप्टन असतो. इथे तसं नाहीये. घराचं काम चालू असताना ठेकेदार बदलला की गवंडी, सेंटरिंगवाले, सगळे त्याच्यामागे जातात ना, तसं समजा. २०२१ पासून खेळाडूला एकदा ट्रान्सफर केल्यावर वर्षभर बाहेर बसावं लागत नाही, तेव्हापासून तर फारच.

सन बेल्टमधलं मार्शलचं उदाहरण प्रत्येकाने पाठ करावं असं आहे. २०२४ ला मार्शल ईस्टमधून आलं, फायनलमध्ये लुइझियानाला ३१-३ हरवून चॅम्पियन झालं. लगेच त्यांचा कोच चार्ल्स हफ सदर्न मिसला गेल्याची बातमी, म्हणजे त्याच कॉन्फरन्सच्या वेस्टमधल्या, त्या वर्षी १-११ झालेल्या टीमकडे. वीसहून जास्त खेळाडू पोर्टलमध्ये गेले, म्हणजे ट्रान्सफरसाठी नाव नोंदवून मोकळे झाले. चॅम्पियन टीम, आणि इंडिपेंडन्स बोल (सीझननंतरची मानाची मॅच) खेळायला पुरेशी मुलंच उरली नाहीत म्हणून त्यांना माघार घ्यावी लागली. त्या पोरांचं मला आजही वाईट वाटतं जी थांबली होती. क्वार्टरबॅकसकट बरेच जण हफच्या मागे गेले, आणि २०२५ च्या रेग्युलर सीझनमध्ये सदर्न मिस ७-५, मार्शल ५-७. एका माणसाच्या जाण्याने ईस्टचं वजन उचलून वेस्टमध्ये ठेवलं गेलं, आणि वर्षभरातच हफ मेम्फिसला गेला, म्हणजे वेस्टचं गणित पुन्हा पहिल्यापासून.

उलटं पण होतं हे लक्षात ठेवा. जेम्स मॅडिसनचा कर्ट सिग्नेटी २०२३ नंतर इंडियानाला गेला, चांगली चांगली मुलं घेऊन गेला, सगळ्यांनी जेम्स मॅडिसन संपलं म्हणून सांगितलं. २०२४ ला ते ९-४ आणि २०२५ ला कॉन्फरन्स जिंकून थेट प्लेऑफमध्ये. बॉब चेस्नीने रिकामी झालेली जागा नीट भरली. म्हणून पोर्टलची खिडकी, म्हणजे नाव नोंदवायची मुदत, बंद होईपर्यंत मी एक आकडा लिहीत नाही. घाई करून मिळतं काय, ग्रुपवर पहिला मेसेज आपला, एवढंच.

बदलणाऱ्याकडेच बघणं, शेजाऱ्याकडे नाही

डिव्हिजन म्हणजे सहा-सात जणांची एकमेकांशी मारामारी, त्यामुळे जो बदलत नाही तो पण मोजायचा. नेब्रास्काने २०१४ ला कोच बो पेलिनीला काढलं. सात सीझन, दरवर्षी ९ किंवा १० विजय, तरी काढलं, कारण ९ पुरत नव्हते. मग माइक रायली १९-१९, मग स्कॉट फ्रॉस्ट १६-३१. २०१४ ते २०२३ बिग टेन वेस्ट दहा वर्षं होती, नेब्रास्काने एकदाही जिंकली नाही. आणि शेजारी आयोवा, कोच कर्क फेरेन्ट्झ १९९९ पासून तिथेच, त्याने तीनदा जिंकली. २०२३ ला तर आयोवाचा ऑफेन्स बघवत नव्हता, तरी जिंकली. प्रत्येक नवीन कोचच्या वेळी लोक नेब्रास्का वर जाणार लिहायचे, आयोवा काय करतंय हे कोणी लिहायचंच नाही.

एसईसी वेस्टमध्ये पण तेच. २००८ ते २०२३, सोळा सीझन, वेस्ट जिंकली अलाबामाने १० वेळा, ऑबर्नने ३, एलएसयूने ३. आर्कान्सा, ओल मिस, मिसिसिपी स्टेट आणि २०१२ ला आलेलं टेक्सस ए अँड एम, या चौघांनी मिळून किती कोच बदलले ते मोजा, आणि वेस्ट जिंकली शून्य वेळा. वरती अलाबामाचा कोच निक सेबन बसलेला होता आणि तो हलत नव्हता.

छोट्या चुका

करार मोठा म्हणजे टीम मोठी असं नसतं. टेक्सस ए अँड एमने कोच जिम्बो फिशरला दहा वर्षांचे ७.५ कोटी डॉलर कबूल केले, आणि २०२३ ला घरी पाठवण्यासाठी तेवढेच पुन्हा मोजायची तयारी ठेवली.

बदल कधी झाला ते बघा. आर्कान्साने २०११ ला ११-२ केलं होतं, पण कोच बॉबी पेट्रिनोला एप्रिल २०१२ मध्ये काढावं लागलं. एप्रिलमध्ये कोण चांगला कोच मोकळा असतो? दहा महिन्यांच्या करारावर एक जण आणला, सीझनआधी देशात दहावा नंबर, सप्टेंबरमध्ये लुइझियाना-मनरोकडून हार, शेवटी ४-८. डिसेंबरमधला बदल आणि एप्रिलमधला बदल एकाच तराजूत टाकू नका.

पहिल्या वर्षावरून कोचला मोडीत काढू नका. हेच लुइझियाना-मनरो २००७ ला अलाबामाच्या घरात येऊन २१-१४ जिंकून गेलं होतं. सेबनचं पहिलं वर्ष, ७-६. ऑफिसमध्ये सोमवारी लोक त्याला काढायच्या गोष्टी करत होते. दोन वर्षांनी १४-०.

अंदाज आधीच चुकलाय, आता काय

सगळ्यात जास्त हाच प्रश्न येतो. एका मॅचवरून शीट बदलू नका. २०२४ ला सेबननंतर आलेल्या कोच डीबोअरच्या अलाबामाने जॉर्जियाला ४१-३४ हरवलं आणि आमच्यातल्या चौघांनी त्यांना लगेच एक नंबरला नेलं, पुढच्याच शनिवारी व्हँडरबिल्टकडून ४०-३५ हरले, तर त्याच चौघांनी खाली आणलं. मी सहा मॅच होईपर्यंत हात लावत नाही. तोपर्यंत फक्त थर्ड डाउनला (दहा यार्डांसाठीच्या चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला) डिफेन्स थांबवतोय का आणि चौथ्या क्वार्टरमध्ये लाइन मागे ढकलली जातेय का, एवढंच बघून वहीत टिक मारतो. मग बदलायचं असेल तर खोडरबर वापरू नका आणि सेल डिलीट करू नका, जुन्या आकड्यावर एकच रेघ मारा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि बाजूला ज्याच्यामुळे चुकलं त्या असिस्टंटचं किंवा खेळाडूचं नाव लिहा. माझ्या वहीत २०१० च्या पानावर ऑबर्नसमोर मालझान असं लिहिलेलं आहे.