मॉड्युलर किचनमध्ये घरपण कसं आणावं

संभाजीनगर असो, लातूर असो की नांदेड, नव्या फ्लॅटमधली स्वयंपाकघरं हल्ली सारखीच दिसतात. राखाडी चकचकीत शटर, काळा ग्रॅनाइट, सगळं सामान दारांआड. पुसायला सोपं, पण पाहुणी आलेली मावशी तिथं टेकत नाही, हॉलमध्ये जाऊन बसते. फोडाफोड न करता यात बराच फरक पाडता येतो.

पायरी १: आधी दिवे बदला

बहुतेक घरांत ६५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पांढराफटक एलईडी असतो. त्या उजेडात पिठलंसुद्धा आजारी दिसतं. खोक्यावर २७०० ते ३००० केल्विन लिहिलेला पिवळसर बल्ब आणा. सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा जास्त मिळाला तर उत्तम. हळद हळदीच्याच रंगाची दिसते.

छताला एकच दिवा असला की ओट्याशी उभं राहिल्यावर आपलीच सावली भाजीवर पडते. म्हणून वरच्या कपाटांच्या तळाला, पुढच्या कडेशी एलईडी पट्टी लावा. पट्टीवर दुधी झाकण हवंच, नाहीतर ग्रॅनाइटमध्ये ठिपक्यांची रांग दिसत राहते.

पिवळ्या उजेडानं जास्त उकडतं, असं काहींना वाटतं. मे महिन्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या आपल्या भागात ही शंका येणारच. पण ९ वॅटचा एलईडी पांढरा असो की पिवळा, तापतो जवळपास तेवढाच.

पायरी २: बसायला जागा करा

माझ्या मते खरं काम इथं आहे. ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात पडायची, तर खाणारा जवळच बसलेला हवा. ओट्याखाली ड्रॉवर असल्यानं तिथं गुडघे मावत नाहीत. त्यापेक्षा गॅससमोरच्या भिंतीला, साधारण ७५ सेंटिमीटर उंचीवर दुमडती सागवानी फळी बसवा. तिच्याजवळ ४५ सेंटिमीटरचं स्टूल. फळीला पॉलिशऐवजी जवसाचं तेल चोळलं तरी चालतं, फक्त ते काही दिवस वाळू द्या. तेलाची फडकी मात्र बोळा करून टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात. मोकळी पसरून वाळवा.

पायरी ३: रोजचं सामान बाहेर काढा

काटवट, परात, मिसळणाचा डबा, पितळी तांब्या. जे रोज हाताळलं जातं तेवढंच उघड्या फळीवर ठेवा, कारण ते रोज धुतलंही जातं. बाकीच्यावर फोडणीचा तेलकट थर चढतो. येसर नि काळा मसाला मात्र उजेडापासून दूर, कपाटातच बरा. आणि शोभेला विकत आणलेलं इवलंसं जातं? नकोच.

बोअरचं जड पाणी असेल तर पितळ चिंचेनं घासून लगेच कोरडं करा, नाहीतर पांढरे डाग उठतात.

पायरी ४: रंग

शटर बदलायचा खर्च नको. एका भिंतीला गेरूच्या जवळचा मॅट रंग पुरे.

पायरी ५: माठाला जागा द्या

वारा लागेल अशा खिडकीशी ठेवा, गॅसजवळ नको. पाझरलेलं पाणी वाऱ्यानं उडतं, म्हणूनच आतलं गार होतं. खाली खोलगट ताटली हवी. पाणी प्लायवूडमध्ये मुरलं की शटर फुगतं आणि सुताराला बोलवावं लागतं.