बीच रिसॉर्ट निवडताना या चुका टाळा: आधी समुद्र बघा, मग खोली

महागडं रिसॉर्ट घेऊनही हिरमोड झाला, तर बहुतेक वेळा दोष खोलीचा नसतो. गादी मऊ असते, न्याहारी उत्तम असते, कर्मचारी अदबीने वागतात. बिघडलेलं असतं ते दाराबाहेरचं. समुद्र खवळलेला, पाणी जेमतेम गुडघाभर, वाळूवर कुजणाऱ्या शेवाळाचा ढीग, नाहीतर बेटावर पोहोचण्यातच पहिला दिवस संपलेला. पंचतारांकित दर्जा इमारतीला आणि सेवेला मिळतो, समोरच्या पाण्याला नाही. म्हणून निवडीचा क्रम उलटा करा. आधी महिना, मग बेटाची बाजू, मग पाणी, मग तिथे पोहोचायची वाट आणि खोली सगळ्यात शेवटी.

देशाचा सीझन बघितला, किनाऱ्याचा नाही

एकाच देशात एकाच महिन्यात दोन वेगळे समुद्र असू शकतात. थायलंडमध्ये फुकेत आणि क्राबी अंदमान समुद्राच्या बाजूला आहेत. तिथे मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी वारे थेट किनाऱ्यावर येतात आणि लाल बावटे लागतात. को सामुई बेट थायलंडच्या आखाताच्या बाजूला असल्यामुळे त्या काळात बऱ्यापैकी निवांत असतं, पण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तिथे सर्वांत जास्त पाऊस पडतो. ‘नोव्हेंबरपासून थायलंडचा सीझन’ हे वाक्य फुकेतपुरतं खरं आहे, सामुईसाठी साफ चुकीचं. श्रीलंकेतही तसंच. बेंटोटा, मिरिसा हा नैऋत्य किनारा डिसेंबर ते मार्च चांगला, तर त्रिंकोमाली, पासिकुडा हा पूर्व किनारा मे ते सप्टेंबर. मलेशियातल्या पेरेन्शियन बेटांवरची बरीच रिसॉर्ट्स नोव्हेंबर ते फेब्रुवारी चक्क बंद असतात आणि त्याच दिवसांत पश्चिमेकडचं लंकावी भरलेलं असतं.

पावसाचे आकडे बघून महिना ठरवणं ही याच चुकीची दुसरी बाजू. उष्ण प्रदेशातला पाऊस पुष्कळदा तासभर कोसळतो आणि थांबतो. सुट्टीची वाट लावतो तो वारा. वारा सतत २० नॉटच्या (ताशी सुमारे ३७ किलोमीटरच्या) आसपास राहिला की पाणी गढूळ होतं, स्नॉर्केलिंगच्या (तोंडात श्वासनळी धरून पाण्याखालचं बघत पोहण्याच्या) होड्या रद्द होतात आणि किनाऱ्यावर बसलं तर वाळू अंगाला टोचते. मॉरिशसमध्ये जून ते सप्टेंबर पाऊस कमी असतो, पण आग्नेय व्यापारी वारे बेल मार आणि सबंध पूर्व किनाऱ्यावर धडकतात. त्या वेळी पश्चिमेचं फ्लिक आँ फ्लाक डोंगरांच्या आडोशाला असतं. सेशेल्समध्ये मे ते ऑक्टोबर आग्नेय वारे असतात आणि प्रालँ बेटाच्या ग्रँड आन्स बाजूला समुद्री गवताचे थर येऊन पडतात. डिसेंबर ते मार्च वारा वायव्येकडून येतो, मग माहे बेटावरच्या एरवी शांत बो व्हालों किनाऱ्यावर लाटा उठतात. नकाशावर त्या महिन्याच्या वाऱ्याचा बाण काढा आणि रिसॉर्ट बेटाच्या कोणत्या बाजूला आहे ते बघा. वाऱ्याकडे पाठ असलेली बाजू हवी.

कॅरिबियनमध्ये दोन गोष्टी एकदम सांभाळाव्या लागतात. चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो आणि ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत धोका सर्वाधिक. अरुबा, बोनेअर आणि क्युरासाव ही बेटं दक्षिणेला असल्यामुळे वादळांच्या नेहमीच्या वाटेबाहेर आहेत. दुसरी गोष्ट सारगासम. हे तपकिरी तरंगतं शेवाळ २०११ पासून अटलांटिकमधून प्रचंड प्रमाणात येऊ लागलं आहे, मुख्यतः वसंत आणि उन्हाळ्यात. वाळूवर साठून कुजलं की हायड्रोजन सल्फाइडमुळे सडक्या अंड्याचा वास सुटतो, आणि खोलीत वास शिरला की कितीही तारे असले तरी उपयोग नाही. त्याचा मारा बहुतांशी पूर्वेच्या, वाऱ्याकडच्या किनाऱ्यांवर होतो. बार्बाडोसमध्ये पूर्व आणि पश्चिम किनारा यांत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो तो म्हणूनच. युनिव्हर्सिटी ऑफ साउथ फ्लोरिडा दर महिन्याला सारगासमचा अंदाज प्रसिद्ध करते. पैसे अडकवण्याआधी तो वाचा.

भरती-ओहोटी बघितलीच नाही

सर्वांत जास्त लोक इथे फसतात, कारण जाहिरातीतला फोटो नेहमी भरतीचा असतो.

झांझिबारचा पूर्व किनारा, म्हणजे पाजे आणि जांबियानी, हे याचं ठळक उदाहरण. उधाणाच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या भरती-ओहोटीच्या दिवसांत तिथे भरती आणि ओहोटीच्या पातळीत तीन मीटरहून जास्त फरक पडतो आणि तळ अगदी सपाट आहे. ओहोटीला पाणी शेकडो मीटर मागे जातं. उरतो तो ओला चिखलट पट्टा, गवत आणि काटेरी समुद्री साळिंदर (सी अर्चिन). चालायला, काइटसर्फिंगला ही जागा सुंदर आहे, पण पोहायला दिवसातले काही तासच मिळतात. त्याच बेटाच्या उत्तर टोकाला नुंगवी आणि केंडवा इथे तळ लवकर खोल होतो, त्यामुळे जवळपास कोणत्याही वेळी पाण्यात उतरता येतं. उलट मालदीव किंवा मॉरिशससारख्या भर समुद्रातल्या बेटांवर फरक मीटरभर किंवा त्याहून कमी असतो. तिथे ओहोटीने समुद्र गायब होत नाही, मात्र उथळ लगूनमध्ये (प्रवाळाच्या कड्याआडच्या शांत पाण्यात) पाणी मांडीवरून घोट्यावर येऊ शकतं.

तपासायचं कसं? जवळच्या बंदराचं भरतीचं कोष्टक उघडा आणि आपल्या तारखांना भरतीची नि ओहोटीची उंची वाचा. फरक अडीच-तीन मीटर असेल आणि किनारा सपाट असेल तर सावध व्हा. मग वेळ बघा. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, म्हणजे आठवड्याभरात चित्र उलटं होतं. आज दुपारी बाराला ओहोटी असेल तर पुढच्या आठवड्यात त्या सुमारास भरती असेल. अमावास्या आणि पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस उधाणाचे, अष्टमीच्या आसपासचे भांगाचे, म्हणजे सर्वांत कमी चढ-उताराचे. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते: एका ठरावीक ठिकाणी उधाणाच्या दिवसांतली ओहोटी दर खेपेला साधारण त्याच घड्याळी वेळेला येते. एखाद्या किनाऱ्यावर ती सकाळी दहा-अकराला येत असेल, तर तिथे प्रत्येक अमावास्या-पौर्णिमेला सकाळचं पोहणं गेलं असं समजा. चार दिवसांची सुट्टी असेल तर तारखा एक आठवडा पुढे-मागे केल्याने सगळा फरक पडतो.

उपग्रहाचा फोटो न वाचणं

रिसॉर्टच्या संकेतस्थळावरच्या दहा फोटोंपेक्षा वरून काढलेला एक फोटो जास्त बोलतो. गूगल अर्थमध्ये बेट मोठं करा आणि रंग वाचा. फिकट निळसर-हिरवा म्हणजे वाळूचा उथळ तळ. गडद डाग म्हणजे प्रवाळ, खडक किंवा समुद्री गवत. गडद पट्टा थेट किनाऱ्याला चिकटलेला असेल तर पाण्यात शिरतानाच पायाखाली खडक येणार, पायात पाणबूट लागणार. पांढऱ्या फेसाची रेघ दिसते तिथे लाटा रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या बांधावर, फुटतात. ती रेघ किनाऱ्यापासून लांब असेल तर आतलं पाणी शांत. रेघच नसेल आणि लाटा थेट वाळूवर येत असतील तर लहान मुलांसाठी ती जागा नाही. मॉरिशसच्या दक्षिणेला ग्री ग्रीजवळ रीफ खंडित आहे आणि तिथला समुद्र म्हणूनच इतका रौद्र असतो.

मग जुन्या तारखांचे फोटो एकामागून एक बघा. मालदीवच्या बेटांवर वाऱ्याच्या हंगामाप्रमाणे वाळू एका बाजूकडून दुसरीकडे सरकते. जानेवारीत रुंद पुळण असलेल्या व्हिलासमोर ऑगस्टमध्ये वाळूच्या गोण्या दिसू शकतात. शेजारच्या बेटावर भराव किंवा बांधकाम चालू असेल तर तेही इथेच कळतं.

स्नॉर्केलिंगसाठी जाणाऱ्यांनी ‘हाउस रीफ’ हा शब्द वाचून थांबू नये. किनाऱ्यापासून रीफचा कडा किती मीटरवर आहे, तिथे पोहत जाता येतं की होडीने, आणि सध्या प्रवाळ किती जिवंत आहे, हे विचारा. १९९८ आणि २०१६ मध्ये समुद्र तापून मालदीवमधलं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडलं, आणि २०२४ मध्ये जगभर पुन्हा तशी लाट आली. दहा वर्षांपूर्वीच्या रंगीत फोटोवर विसंबू नका. मोठं उथळ लगून आणि अगदी जवळचा रीफ हे दोन्ही एकाच बेटावर क्वचितच मिळतं. मुलं लहान असतील तर लगून घ्या, मासे बघायचे असतील तर रीफ.

विमान उतरलं म्हणजे पोहोचलो असं समजणं

मालदीवमध्ये सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान, फक्त दिवसाउजेडी उडतं. आंतरराष्ट्रीय विमान दुपारी साडेतीनच्या पुढे उतरलं तर त्या दिवशीचं सीप्लेन मिळेल याची खात्री नसते. मग पहिली रात्र राजधानी मालेत, आणि रिसॉर्टच्या त्या रात्रीचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत. परतीचं विमान भल्या पहाटे असेल तर शेवटची रात्रही तशीच जाते. सीप्लेनची नेमकी वेळ आदल्या संध्याकाळी कळते, वाटेत दुसऱ्या बेटांवर थांबे असतात आणि विमानतळावर दोन-तीन तास बसावं लागू शकतं. सामानाची मर्यादा साधारण २० किलो अधिक हातातलं ५ किलो. त्यावर दर किलोला पैसे पडतात. विमान रात्री उतरत असेल तर स्पीडबोटने जाता येणारं बेट निवडा, म्हणजे उत्तर किंवा दक्षिण माले अटॉलमधलं (प्रवाळबेटांच्या कड्यातलं). नाहीतर देशांतर्गत विमान आणि पुढे बोट अशी सोय असलेलं. पाठीचा त्रास असेल किंवा घरात कोणी गरोदर असेल तर पावसाळी महिन्यांत लांबचा स्पीडबोटचा प्रवास टाळा, होडी लाटांवर जोरजोरात आपटत जाते.

आणखी एक बारीक बाब. मालदीवमधली काही रिसॉर्ट्स आपलं घड्याळ मालेपेक्षा एक तास पुढे ठेवतात. परतीची वेळ ठरवताना ‘बेटाची वेळ की मालेची’ हे लेखी विचारून घ्या.

बालीला मार्चच्या आसपास जाणार असाल तर न्येपीची, म्हणजे तिथल्या मौनाच्या दिवसाची, तारीख आधी शोधा. त्या दिवशी विमानतळ २४ तास बंद असतो आणि पाहुण्यांनाही हॉटेलच्या आवाराबाहेर, अगदी किनाऱ्यावरसुद्धा, जाता येत नाही.

दाखवलेला दर म्हणजे बिल असं धरणं

दरापुढे दोन अधिक चिन्हं असतील तर सेवाशुल्क आणि कर वेगळे. मालदीवचं गणित मांडून बघा. रात्रीला ८०० डॉलर, पाच रात्री म्हणजे ४००० डॉलर. त्यावर १० टक्के सेवाशुल्क धरून ४४००. जुलै २०२५ पासून पर्यटन वस्तू व सेवा कर १७ टक्के आहे आणि तो सेवाशुल्कासकट रकमेवर लागतो, म्हणजे ५१४८. त्याशिवाय रिसॉर्टमध्ये ग्रीन टॅक्स माणशी दिवसाला १२ डॉलर, दोघांचे पाच दिवसांचे १२०. झाले ५२६८, आणि सीप्लेनचं भाडं अजून यायचंच आहे. ते माणशी लागतं, खोलीमागे नाही.

एका बेटावर एकच रिसॉर्ट असेल तर बाहेर जेवायला जाणं शक्य नसतं, त्यामुळे जेवणाची योजना खोलीइतकीच महत्त्वाची. हाफ बोर्डमध्ये (न्याहारी आणि एक जेवण) बहुधा पेयं धरलेली नसतात, कधीकधी जेवताना घेतलेलं पाणीही नाही. ऑल इन्क्लुझिव्हमध्ये कोणती रेस्टॉरंट्स येतात, कोणत्या ठिकाणी फक्त ठरावीक रकमेची सूट आहे, मिनीबार आणि विमानतळ-बोट त्यात आहे का, हे ईमेलवर विचारा. नाताळ आणि ३१ डिसेंबरला सक्तीचं गाला डिनर अनेक ठिकाणी वेगळं लावतात.

खोलीच्या नावावर भुलणं

‘ओशन व्ह्यू’मधून समुद्र दिसतो, पण वाटेत बाग आणि दोन इमारती असू शकतात. ‘ओशन फ्रंट’ समोर असते. ‘बीच ऍक्सेस’ म्हणजे वाट आहे, दारात वाळू नाही. पाण्यावरच्या व्हिलात लहान मुलांना मनाई आहे का ते बघा. व्हिला सूर्यास्ताच्या बाजूला असली तर दुपारी डेक तापतो, हेही लक्षात घ्या. बेटाचा नकाशा मागवा आणि त्यावर जनरेटर, कर्मचाऱ्यांची वसाहत, सीप्लेनचा धक्का आणि मुख्य बार कुठे आहेत ते बघून खोलीचा पट्टा सांगा.

पाहुण्यांची परीक्षणं वाचताना सरासरी गुण सोडून द्या. तुम्ही जाणार त्याच महिन्यातली, गेल्या दीड-दोन वर्षांतली परीक्षणं गाळून घ्या आणि त्यांत वारा, शेवाळ, ओहोटी, बांधकाम, डास हे शब्द शोधा.

पोहोचल्यावर गडबड दिसली तर

सामान उघडण्याआधी खोली, न्हाणीघर आणि समोरचं पाणी बघून घ्या. शेजारी हातोड्याचे आवाज असतील, एसीला कुबट वास असेल किंवा खोलीचा प्रकार नोंदवल्यापेक्षा वेगळा असेल, तर त्याच तासात ड्यूटी मॅनेजरला सांगा, फोटो काढा आणि त्याच मजकुराचा ईमेल पाठवा. खोली बदलणं पहिल्या दिवशी सोपं असतं. तिसऱ्या दिवशी तक्रार केली की ‘आधी का नाही सांगितलंत’ हाच प्रश्न येतो, आणि तो रास्तही आहे.

समोर शेवाळ किंवा लाटा असतील तर खोली बदलून फायदा नाही. बेटाच्या दुसऱ्या बाजूच्या किनाऱ्यावर जायला वाहन किंवा होडी मिळते का ते विचारा. जवळपास प्रत्येक बेटाची एक बाजू त्या दिवशी शांत असते. ओहोटीचा प्रश्न असेल तर स्वागतकक्षातून आठवड्याचं भरतीचं कोष्टक घ्या आणि पोहणं भरतीच्या आधी-नंतरच्या दोन-दोन तासांत बसवा, सहली ओहोटीच्या वेळेला ठेवा.

बावटा बघितल्याशिवाय पाण्यात उतरू नका. एक लाल म्हणजे मोठा धोका आणि अनेक देशांत पोहायला मनाईच, दोन लाल म्हणजे पाणी बंद, जांभळा म्हणजे जेलीफिशसारखे डंख मारणारे जीव. प्रवाहाने आत ओढलं तर किनाऱ्याकडे झगडत पोहू नका. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाजूला व्हा.