ठाण्याहून वसईला जायचं तर पाण्यावरून

मी चेंदणी कोळीवाड्यातली. ठाण्याचा किल्ला जन्मापासून पाहते आहे, पण बाहेरूनच. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, पुढे तो इंग्रजांकडे गेला आणि आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. आत जायची सोय नाही. त्या भिंतीआड काय असेल हे मला वसईच्या किल्ल्यात गेल्यावर कळलं. तेच पोर्तुगीज, तोच काळा दगड आणि पाणीही आपलंच. कल्याणवरून येणारी उल्हास ठाण्याच्या उत्तरेला फुटते. एक फाटा आमच्या चेंदणीच्या खाडीकडे वळतो, मोठा प्रवाह कोलशेत, गायमुख, घोडबंदर करत वसईच्या खाडीतून समुद्राला मिळतो. म्हणून ठाणेकराने एक दिवस वसईला द्यावा, आणि शक्यतो पाण्यावरून जावं असं मी सगळ्यांना सांगते.

पाण्यावरून का, तर ते गावच पाण्याकडे तोंड करून बांधलेलं आहे. माझी मावशी वसईला दिलेली. लहानपणी आम्ही लोकलने वसई रोडला उतरून किल्ल्यात जायचो, तेव्हा झाडांतून जाणारा रस्ता, इथे एक पडकी भिंत, तिथे एक कमान, असंच सगळं विखुरलेलं दिसायचं. काका म्हणायचे, "तू मागच्या दाराने घरात शिरतेस, मग घर कसं कळणार?" ते खरं होतं, हे मला पहिल्यांदा बोटीने गेले तेव्हा पटलं.

आधी दिवस ठरवा, आणि तो भरती बघून ठरवा. मोबाइलवर वेळा मिळतात, पण आमच्याकडे अजून तिथीवरून काढतात आणि ते कुणालाही जमेल. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या आसपास पाणी भरणार आणि साधारण सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. अष्टमीला सहा. पौर्णिमा उलटली की पुन्हा एकपासून मोजायचं. खाडीत थोडं मागेपुढे होतं, पण दिवस ठरवायला एवढं पुरतं. या सहलीला दशमी-एकादशी उत्तम. सकाळी साडेसात ते सव्वाआठला भरती भरते, तुम्ही पोचता तेव्हा बंदराला पाणी असतं. दुपारी दोन-अडीचला सुकतीला सगळा चिखल उघडा पडतो, तोही बघण्यासारखा असतो, आणि परत निघेपर्यंत पाणी चढायला लागलेलं असतं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला दुपारी बाराला पाणी भिंतीपर्यंत येतं खरं, पण संध्याकाळी नेमकी परतीच्या वेळी सुकती असते. महिना म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात किल्ला हिरवागार असतो, पण दगडावर शेवाळ धरतं आणि बोटीचा भरवसा राहत नाही.

ठाण्याहून पहाटेची पहिली-दुसरी बस पकडा. घोडबंदर रोडने भाईंदरला जाणाऱ्या परिवहनच्या बस आहेत. सात वाजायच्या आत गायमुखचा घाट मागे पडला पाहिजे, नंतर तिथे अवजड गाड्यांची रांग लागली की सगळा हिशोब कोलमडतो. घोडबंदरचाही किल्ला आहे, वाटेतच आहे, पण त्याला त्याच दिवशी हात लावू नका. तो अर्ध्या दिवसाचा वेगळा विषय आहे. भाईंदर पश्चिमेच्या धक्क्यावर जायला स्टेशनवरून रिक्षा मिळते. तिथून वसईची रो-रो बोट सुटते. २०२४ च्या फेब्रुवारीत ती सुरू झाली आणि आमच्यासारख्यांचं काम सोपं झालं. स्कूटर, गाडीही चढवता येते. वेळापत्रक मात्र आदल्या रात्री नक्की करून घ्या, आणि वसईला उतरल्या उतरल्या परतीची शेवटची बोट कितीची, ते तिथल्या माणसाला तोंडी विचारा.

बोटीत बाकावर बसू नका. पुढे कठड्याला उभे राहा. पंधरा-वीस मिनिटांचाच प्रवास आहे. मागे रेल्वेचा पूल लहान होत जातो, डावीकडे भाईंदरचा काठ सरकतो. त्याच काठाला पुढे धारावीचा किल्ला आहे, मुंबईतल्या धारावीशी त्याचा संबंध नाही. खाडीच्या तोंडावरचं ते ठाणं १७३९ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी घेतलं आणि वसईला पाण्यावरून मिळणारी मदत अडवणं शक्य झालं. नकाशात हे वाचून समजत नाही. बोटीत उभं राहिलं की समजतं, कारण दोन्ही काठ एकाच नजरेत येतात.

मग समोर वसईची तटबंदी येते. ताडांच्या रांगा, त्यांच्याखाली काळी भिंत, किनाऱ्याला ओढून ठेवलेल्या होड्या. धक्क्यावर उतरून तडक रिक्षात बसायची चूक करू नका. चालतच बंदर दरवाजाकडे जा. दरवाजाच्या कमानीत थांबून एकदा मागे वळून पाहा. गलबतं लागायची तिथून माल आणि माणसं याच वाटेने आत यायची. गुजरातच्या बहादूरशाहाने १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षं त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाचा कारभार इथूनच चालला. इथला दगडसुद्धा बोटीतून बाहेर गेला. जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस चर्चच्या दर्शनी भिंतीला लागलेला काळा दगड वसईचा आहे.

आत शिरलं की सेंट जोसेफ कॅथेड्रलचा उंच मनोरा दिसतो. दर्शनी कमानीवर एक शिलालेख आहे. १६०१ साली हे चर्च पुन्हा उभारलं तेव्हाचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस आणि इथले व्हिकार, म्हणजे धर्मगुरू, पेद्रू गाल्वाव परेरा यांची नावं त्यात आहेत. हे परेरा आडनाव वाचून थोडं थांबा. आपण उन्हाळ्यात पायरी आंबा चोखतो, त्याचं नाव परेरावरूनच आलं असं सांगतात. चावी, पगार, पाव, पाद्री, फीत हे शब्दही त्यांच्याच भाषेतले, आपल्या तोंडात इतके मुरलेत की परके वाटतच नाहीत. मनोऱ्यात गोल जिना आहे. त्यावर चढायचा मोह आवरा, पायऱ्या झिजलेल्या आहेत.

माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे सेंट अँथनीचं फ्रान्सिस्कन चर्च. छप्पर बरंचसं गेलंय, पण जमीन बघा. सगळी फरशी थडग्यांच्या शिळांची आहे. सकाळी नऊ-साडेनऊला ऊन तिरकं असतं, तेव्हा कोरलेली अक्षरं सावलीने उठून दिसतात. डोक्यावर ऊन आलं की तीच शिळा सपाट, मुकी होते. म्हणून मी इथे लवकर येते. वाचायला पोर्तुगीज यायला हवं असं नाही. बऱ्याच शिळांची सुरुवात 'एस्ता सेपुल्तुरा' अशी असते, म्हणजे 'ही कबर'. त्यापुढे नाव आणि शेवटाकडे 'एर्देइरूस' म्हणजे वारस. ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची. एवढे तीन शब्द पाठ करून या, निम्मी फरशी बोलायला लागते. माझ्या भाचीने उकिडवं बसून एका शिळेवरचं साल बोटाने हवेतच गिरवलं आणि म्हणाली, "आत्या, यांना वाटलं असेल नाही, आपण इथेच राहणार." तेव्हा ती नऊ वर्षांची होती. शिळांवर खडू किंवा पाणी घालून अक्षरं उठवू नका, आणि शक्यतो त्यांच्या कडेने चाला. फोटोसाठी शिळेवर आडवी झालेली माणसं मी पाहिली आहेत. खाली कुणाचं तरी माणूस पुरलेलं आहे, एवढं तरी ध्यानात ठेवावं.

जेझुइटांच्या चर्चची दर्शनी भिंत जवळजवळ पूर्ण उभी आहे, खांबांवरची नक्षी वर मान करून निवांत बघा. वसईतच १५५७ च्या सुमारास जन्मलेला गोन्सालो गार्सिया लहानपणी जेझुइटांकडे शिकला, पुढे फ्रान्सिस्कन होऊन जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्याला क्रुसावर मारलं. १८६२ मध्ये तो संत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथली. वसईच्या घराघरांत त्याचं नाव आपल्या माणसासारखं घेतात.

चर्च बघताना दगडांच्या सांध्यांकडेही लक्ष द्या. चुन्यात पांढरे कण चमकतात, ते शिंपल्याचे आहेत. तिसऱ्या खाऊन शिंपले टाकून देणाऱ्या आमच्या घरात मोठी झाल्यामुळे मला ते लगेच ओळखू आले. शिंपले भाजून चुना करायचे, तो या भिंतींना घट्ट धरून आहे.

वसई जिंकणाऱ्या चिमाजी आप्पांचा पुतळा किल्ल्यातून जाणाऱ्या रस्त्यालगत आहे. तिथे जायच्या आधी तटाच्या जमिनीकडच्या बाजूला जाऊन भिंतीची जाडी पाहा. १७३९ च्या फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत मराठे या भिंतीला भिडले होते. तोफांनी भागलं नाही, सुरुंग लावून बुरूज उडवावे लागले. मे महिन्यात पोर्तुगीज शरण आले, तेव्हा त्यांना कुटुंबकबिल्यासह, सामानसुमान घेऊन सन्मानाने जाऊ दिलं. चर्चमधल्या घंटा मात्र मराठ्यांबरोबर देशावर गेल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळाची घंटा तुम्ही पाहिली असेल. १७२१ सालची ती घंटा या मोहिमेची निशाणी आहे. नागेश्वराचं आणि वज्रेश्वरीचं देऊळ किल्ल्यातच आहे, पाया पडून घ्या. दुसऱ्या बाजीरावाने पेशवाई इंग्रजांच्या दावणीला बांधणारा तह ३१ डिसेंबर १८०२ ला केला तोही वसईतच. चिमाजी आप्पांच्या पुतळ्यासमोर मला ती तारीख नेहमी टोचते.

आता सोयीचं बोलते. पाणी माणशी दोन लिटर, टोपी, आणि पायात चप्पल नको, बंद बूट घाला. गवतात काटे असतात आणि भिंतींच्या फटींत साप असू शकतात. बायकांनी विशेष लक्षात ठेवा, किल्ल्यात शौचालयाची भरवशाची सोय धरून चालू नका. भाईंदरला किंवा वसई गावात आटपून घ्या. बारा ते तीन आत हिंडू नका. एकदा मे महिन्यात मी हट्टाने भर दुपारी मुलांना घेऊन फिरले. याच भाचीला ऊन लागलं, उलट्या झाल्या, मावशीकडे नेऊन कांदा-पाणी करावं लागलं. तेव्हापासून बाराच्या ठोक्याला मी सावलीत असते.

ती वेळ जेवणाला द्या. किल्ल्याबाहेर पडून वसई गावात या. मासळीची ताटं मिळतात, ताजा बोंबील मिळाला तर दुसरं काही मागू नका. बाजारात वसईची वाडीची भाजी आणि केळी असतात. आगाशीकडची सुकेळी दिसली तर नक्की घ्या. सोललेली राजेळी केळी उन्हात वाळवून करतात, मधासारखी लागतात आणि आठवडाभर सहज टिकतात. बाजारात लाल लुगड्यातल्या कुपारी, म्हणजे इथल्या ख्रिस्ती समाजातल्या, आज्या भेटल्या तर त्यांची बोली कान देऊन ऐका. मराठीच, पण वेगळ्या चालीची.

तीननंतर पुन्हा बंदराकडे या. पाचूबंदर, किल्लाबंदरच्या कोळीवाड्यांत बांबूच्या वलांडींवर बोंबील वाळत असतात. फोटो काढायचा तर आधी विचारा, ते कुणाचं तरी अंगण आहे. सुकी मासळीही तिथेच घ्या. बोंबील हातात घेऊन वाकवून बघा. कडक आणि पांढुरका असेल तर चांगला वाळलेला, मऊ आणि पिवळट असेल तर ठेवा परत. भाव करताना दहा-वीस रुपयांसाठी ताणू नका.

बोट चुकली तरी घाबरायचं कारण नाही. रिक्षाने वसई रोड स्टेशन गाठा, तिथून नायगाव सोडलं की भाईंदरच, मग तीच बस. तासभर जास्त जातो इतकंच. एसटीनेही ठाण्याला येता येतं. पण शक्य असेल तर बोटीनेच परता. संध्याकाळच्या बोटीत मागच्या कठड्याला उभं राहायचं, म्हणजे ताडांखालची ती भिंत काळी होत जाताना दिसते.

आणि सुकट-बोंबील कागदात गुंडाळून आणू नका, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा. घोडबंदर रोडवर बस दीड तास अडकू शकते, आणि शेजारचा प्रवासी चेंदणीचाच असेल असं नाही.